सावित्रीचा कारभार कोणाकडे?

२०१६ साली सावित्री नदीच्या बाबतीत दोन गोष्टी घडल्या. १२ एप्रिलला राष्ट्रीय जलमार्ग अधिनियम अमलात आला आणि देशातल्या १११ जलमार्गांच्या यादीत सावित्री, म्हणजेच बाणकोटची खाडी, ८९व्या क्रमांकावर जाऊन बसली. सापे गावाजवळच्या पुलापासून हरिहरेश्वरला समुद्र लागेपर्यंतचे सुमारे ४६ किलोमीटरचे पात्र नौकानयनापुरते केंद्राच्या अखत्यारीत गेले. त्यानंतर चार महिने व्हायच्या आत, २ ऑगस्टच्या रात्री, महाड-पोलादपूर रस्त्यावरचा १९२८ साली बांधलेला दगडी कमानींचा पूल पुरात वाहून गेला. दोन एसटी गाड्या आणि एक मोटार आतल्या माणसांसकट पाण्यात गेल्या. चाळीसच्या आसपास माणसे गेली. पुढचे कित्येक दिवस मृतदेह खाडीच्या काठांवर मिळत राहिले. एक तर खाडीच्या मुखाबाहेर, दापोली तालुक्यातल्या आंजर्ल्याच्या किनाऱ्याला लागला.

जलमार्गाच्या कायद्याचा त्या पुलाशी काहीही संबंध नव्हता, आणि मला अडचण नेमकी तिथेच दिसते. नदी बोटींसाठी एका खात्याची, तिच्यावरचा पूल दुसऱ्याचा, तळातली वाळू तिसऱ्याची, काठावरची तिवरे चौथ्याची. पूल का पडला याची चौकशी पुलापुरती होते, गाळ का साचला याची गाळापुरती, मासे का मेले याची माशांपुरती. पूल पडल्यावर एकशे पासष्ट दिवसांत नवा बांधून झाला आणि ५ जून २०१७ला वाहतूक सुरू झाली. ते काम खरोखर वाखाणण्याजोगे होते. पण तो रस्त्याचा प्रश्न होता. नदीचा प्रश्न होता तिथेच राहिला.

किनाऱ्याकडच्या खाड्या आणि त्यांना मिळणाऱ्या नद्या सांभाळण्यासाठी स्वतंत्र सार्वजनिक प्राधिकरण असावे का, ही चर्चा मुंबईत आणि दिल्लीत मुख्यतः मालवाहतुकीच्या अंगाने होते. महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांतून तिच्याकडे पाहिले की ती वेगळीच दिसते. माझे मत आधीच सांगून टाकतो. सावित्रीला प्राधिकरण हवे. पण ते जहाजांसाठीचे नको. डोंगरापासून दर्यापर्यंत पाणी आणि गाळ यांचा हिशेब ठेवणारे हवे, आणि त्याचे कार्यालय महाडात हवे.

सावित्रीचा स्वभाव कळल्याशिवाय ही चर्चा कागदीच राहील. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १३७० मीटरवर आहे. तिथून निघालेले पाणी आंबेनळी घाटाच्या दऱ्यांतून पोलादपूरला पोहोचते तेव्हा ही जवळजवळ सगळी उंची संपलेली असते. पुढे समुद्रापर्यंतची वाट लांब आणि सपाट. उतार एकाएकी संपला की पाण्याचा जोर मोडतो आणि त्याने वाहून आणलेले गोटे, वाळू, माती खाली बसू लागते. महाडला गांधारी येऊन मिळते, दासगावच्या अंगाला काळ नदी येते. आणि दिवसातून दोनदा समुद्र उलटा वर चढतो. भरतीचा फुगवटा महाडपर्यंत जाणवतो. गोड्या पाण्यातला बारीक गाळ खाऱ्या पाण्याला भेटला की त्याच्या गुठळ्या होतात आणि तो तळाला जातो. म्हणजे वरून येणारा जाड गाळ आणि खालून भरतीने अडवलेला बारीक गाळ, दोन्हींची बसण्याची जागा महाड ते आंबेत याच पट्ट्यात येते.

२२ जुलै २०२१च्या दिवशी आणि त्या रात्री मिळून महाबळेश्वरवर जे कोसळले त्याची हवामान खात्याकडे ५९४.४ मिलिमीटर अशी नोंद आहे. पौर्णिमा दोन दिवसांवर आली होती, त्यामुळे खाडीला उधाण चढत होते. वरून डोंगराचे पाणी आणि खालून दर्याचे, अशा कात्रीत महाडची बाजारपेठ पहिल्या मजल्यापर्यंत बुडाली. त्याच दिवशी महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड आली आणि ऐंशीहून जास्त माणसे गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर-सुतारवाडी इथे दरडींनी अकरा बळी घेतले. बचाव पथके महाडच्या दिशेने निघाली होती, पण रस्ते पाण्याखाली होते. सगळीकडे पाणीच पाणी असूनही पाण्यावरून पोहोचण्याची तयारी गावांजवळ उरली नव्हती, ही गोष्ट मला त्या पुराच्या इतर कोणत्याही तपशिलाइतकीच महत्त्वाची वाटते.

कारण हा मुलूख एकेकाळी पाण्यावरूनच चालत होता. महाडजवळची गांधारपाले लेणी ज्या वाटेवर कोरली गेली ती वाट बंदराला जाणारी होती. १७५६च्या तहाने पेशव्यांनी बाणकोट इंग्रजांना दिले तेव्हा खाडीच्या आतले दासगावही त्यांच्याकडे गेले. खाडीच्या तोंडाइतकीच आतली धक्क्याची जागाही मोलाची आहे, हे त्यांनी ओळखले होते. १८०२ साली यशवंतराव होळकरांपुढून पळालेला दुसरा बाजीराव महाडला आला, तिथून किनारा गाठून वसईला गेला आणि वर्षाच्या अखेरच्या दिवशी त्याने वसईच्या तहावर सही केली. पुढे आगबोटी आल्या. मुंबईहून निघालेली बोट बाणकोटच्या खाडीत शिरून दासगावपर्यंत येई. घाटावरून उतरलेला माल महाडच्या पेठेत येऊन गलबतांत भरला जाई.

या जलमार्गाने केलेली सगळ्यात मोठी वाहतूक २५ डिसेंबर १९२७ची आहे. चवदार तळ्याच्या लढ्यातल्या महाडच्या दुसऱ्या परिषदेसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर ‘पद्मावती’ बोटीने मुंबईहून निघाले आणि दासगाव बंदरात उतरले. धरमतरमार्गे खुश्कीने येता आले असते. पण मोटारवाल्यांनी बहिष्कार घातला तर एवढ्या माणसांनी कुठे अडकून पडायचे? दासगावहून महाड पाच मैल, चालत गाठता येण्यासारखे. रस्ता ज्यांच्या ताब्यात होता ते अडवू शकत होते, खाडी कोणी अडवू शकत नव्हते. सार्वजनिक जलमार्ग म्हणजे काय, हे याहून स्पष्ट सांगणारे उदाहरण माझ्या माहितीत नाही.

महाडने याच विषयाची दुसरी बाजूही पाहिली आहे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ साली मंजूर झाला आणि १९२४ साली महाड नगरपालिकेने त्याला अनुसरून चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला. तळे सार्वजनिक झाले, कागदावर. २० मार्च १९२७ला हजारो माणसे तळ्याकडे चालत गेली आणि बाबासाहेबांनी ओंजळीने पाणी घेतले, तेव्हा त्या ठरावाला पहिल्यांदा अर्थ आला. नंतर वाद कोर्टात गेला आणि मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल यायला मार्च १९३७ उजाडला. पाण्याची मालकी कोणाची हे जाहीर करणाऱ्या आणि त्या पाण्याचा कारभार प्रत्यक्ष चालवणाऱ्या सत्तेत किती अंतर पडू शकते, हे या गावाला कोणी शिकवायला नको. नव्या प्राधिकरणाचा विचार करताना मी हे अंतर सतत समोर ठेवतो.

बंदर का मोडले? गाळाने, असे एका शब्दात सांगितले जाते आणि ते अर्धे खरे आहे. रस्ते झाले, ट्रक आले, घाटावरचा माल खाडीकडे येईनासा झाला. बोटी थांबल्या तसे पात्राची खोली सतत पाहणारे आणि ती राखण्यात ज्यांचा स्वार्थ होता असे लोक नाहीसे झाले. पूर्वी तांडेलाला बसलेला गाळ दुसऱ्याच फेरीला कळत असे. नंतर तो पूर आल्यावरच कळू लागला. १९९०च्या दशकात कोकण रेल्वे आली. दासगावच्या बाजूला खाडीलगत तिचा भराव आणि पूल झाला. त्या भरावाने पुराच्या पाण्याची वाट अरुंद केली, त्यात पुरेशा मोऱ्या नाहीत, असे महाडची पूर निवारण समिती आणि व्यापारी वर्षानुवर्षे सांगत आले आहेत. पात्रात गाळाची बेटे वाढली आहेत. महाडकर त्यांना जुटे म्हणतात. २०२१ नंतर ही जुटे काढायला सरकारने यंत्रे लावली, पैसा दिला, आणि काही भागांत गाळ खरोखर निघाला. पण कुठून किती काढायचा, तो कुठे टाकायचा, पुढच्या पावसाळ्यात तो परत किती आला, याची सलग नोंद ठेवणे हे कोणा एका खात्याचे काम नाही.

आता खात्यांकडे वळू. खाडी कुठे सुरू होते आणि कुठे संपते, या साध्या प्रश्नाला सरकारदरबारी किती उत्तरे आहेत ते पाहण्यासारखे आहे. जलमार्गाच्या कायद्यात ती सापेच्या पुलाजवळ सुरू होते. किनारा नियमन क्षेत्राच्या अधिसूचनेत भरतीचा प्रभाव कुठपर्यंत, हे ऐन उन्हाळ्यातल्या क्षारतेवरून ठरते. पाण्यात हजारी पाच भाग क्षार असेल तिथपर्यंत खाडी, त्याच्या वर नदी. सागरी मंडळ बंदराच्या अधिसूचित हद्दी पाहते. जलसंपदा विभाग पूररेषा आखतो: पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. महसूल खाते गावनकाशा पाहते, आणि त्यात नदी म्हणजे दोन गावांमधली, आंबेतच्या खाली तर रायगड आणि रत्नागिरी या दोन जिल्ह्यांमधली, सीमा. प्रत्येक रेघ आपापल्या कायद्यासाठी बरोबर आहे. गाळाला मात्र यातली एकही रेघ ठाऊक नाही.

वाळूचेच घ्या. वाळू गौण खनिज, म्हणून लिलाव आणि परवाने जिल्हाधिकाऱ्यांकडून. खाडीतले हातपाटीचे गट ठरवताना सागरी मंडळाच्या सर्वेक्षणाचा आधार. पर्यावरणाची परवानगी आणखी वेगळ्या दारातून. हातपाटीवाला डुबी मारून बादली भरतो, त्याने पात्राला इजा होते ती थोडी. सक्शन पंपाची बोट रात्रीत जे उपसते त्याने डोह पडतात, काठ खचतात, खारबंदिस्ती ढासळते. बंदी असूनही पंप चालतात, हे टोळ, दासगाव, म्हाप्रळ, आंबेत या काठांवर कोणालाही विचारा. एका काठावर छापा पडला की बोट पलीकडच्या जिल्ह्यात. गंमत अशी नव्हे, दुःख असे की याच नदीत एकीकडे गाळ काढायला सरकार पैसे मोजते आणि दुसरीकडे तिच्यातून चोरून वाळू काढणाऱ्याला पकडायलाही पैसे मोजते. कुठली वाळू निघाली तर पुराला वाट मिळेल आणि कुठली निघाली तर पूल उघडा पडेल, हे सांगणारा एकच नकाशा असता तर ही दोन कामे एकमेकांना पूरक झाली असती.

कारखान्यांचे पाणी हा तिसरा धागा. महाडच्या औद्योगिक वसाहतीत रासायनिक कारखाने आले, त्यांचे सांडपाणी सामाईक प्रक्रिया केंद्रातून नळाने खाडीकडे नेले जाते. त्याची तपासणी प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे, आणि त्याचा परिणाम ज्यांच्या जाळ्यात दिसतो ते भोई आणि कोळी मत्स्यव्यवसाय विभागाच्या यादीत. मासळी कमी झाल्याची तक्रार घेऊन मच्छीमार एका कार्यालयात गेला की त्याला दुसऱ्याकडे पाठवतात. भरतीच्या खाडीत सोडलेले पाणी एका ओहोटीत समुद्राला जात नाही, ते पुढेमागे हेलकावे खात राहते. किती दिवस, ते पात्राच्या खोलीवर अवलंबून. म्हणजे गाळाचा प्रश्न प्रदूषणाचाही प्रश्न आहे. याच पाण्यात मगरी आहेत, महाडजवळच्या डोहांत त्या वर्षानुवर्षे नांदत आल्या आहेत. त्यांच्या बाजूने बोलणारे खाते आणखी वेगळे.

मग आहे त्या संस्थांपैकी एखादीकडे सगळे सोपवता येणार नाही का? तीन नावे पुढे येतात.

भारतीय अंतर्देशीय जलमार्ग प्राधिकरण १९८६ पासून आहे. त्याचा कायदा नौकानयनाचा: खोली, दिशादर्शक खुणा, धक्के, गाळउपसा. पूर त्यात नाही, मासेमारी नाही. मालवाहतुकीचे गणित जुळले तरच त्याचे लक्ष एखाद्या खाडीकडे जाते. रायगडातल्या अंबा नदीवर ते जुळले, कारण डोलवीच्या पोलाद कारखान्याला धरमतरमार्गे बार्जने कच्चा माल लागतो. तिथल्या खारबंदिस्त्या बार्जच्या लाटांनी फुटतात, अशी शेतकऱ्यांची तक्रार आहे. गोव्यात मांडवी, झुवारीसह सहा नद्या याच कायद्यात आल्या तेव्हा कोळशासाठी नद्या दिल्लीला दिल्या म्हणून लोक रस्त्यावर उतरले. सावित्रीबाबत तेवढा गलबला ऐकू आला नाही. इथे बार्ज आणण्याइतका माल नाही, आणि तो नाही तोवर जलमार्ग क्रमांक ८९ हे नावापुरतेच राहण्याची शक्यता मोठी.

महाराष्ट्र सागरी मंडळ १९९६ पासून राज्याची लहान बंदरे सांभाळते. बाणकोट त्यांतले एक. फेरीबोटींना परवाने, धक्के, खाड्यांचे सर्वेक्षण ही त्याची कामे. वेसवी ते बागमांडला फेरीबोट चालते, आणि तिच्या शेजारी खाडीत बाणकोट-कोलमांडला पुलाचे अर्धवट खांब कित्येक वर्षे उभे राहिले. आंबेत-म्हाप्रळ पूल दुरुस्तीसाठी बंद पडला तेव्हाही लोकांना पाण्यावरूनच नेण्याची वेळ आली. माजी मुख्यमंत्री बॅरिस्टर अंतुल्यांच्या गावाजवळचा हा पूल दोन जिल्ह्यांचा दुवा. तो बंद झाला त्या क्षणी खाडी पुन्हा रस्ता झाली. संसदेने २०२५ साली १९०८चा जुना बंदर कायदा बदलून नवा केला आणि राज्यांच्या सागरी मंडळांना त्यात मानाचे स्थान दिले. पण मंडळाची नजर समुद्राकडून आत येते. पोलादपूरच्या उतारावर काय चालले आहे हे पाहणे त्याच्या कायद्यात बसत नाही, आणि तिथे न पाहता खाडीची खोली राखणे म्हणजे दरवर्षी तोच गाळ काढत राहणे.

तिसरे नाव कोकण पाटबंधारे विकास महामंडळाचे. २००५च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या कायद्याने पाटबंधारे महामंडळांनाच नदी खोरे अभिकरण ठरवले. कागदावर पाहिले तर सावित्रीला खोऱ्याचे अभिकरण आधीच आहे! पण हे एकच महामंडळ पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या साऱ्या पश्चिमवाहिनी नद्यांसाठी, आणि त्याची घडण धरणे-कालव्यांची. भरतीचे पाणी हा त्याचा विषय नाही. पोलादपूर तालुक्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि उन्हाळ्यात वाड्यांना टँकर लागतो, यावरूनही या घडणीची मर्यादा कळते.

नवे प्राधिकरण काढले की काम झाले, असे मानणाऱ्यांनी मिठी नदीकडे पाहावे. २६ जुलै २००५च्या पावसात सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर नोंद झाली, मुंबई बुडाली, आणि महिनाभरात, ऑगस्टमध्ये, मिठी नदी विकास व संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. त्याच पावसात महाड तालुक्यात जुई, दासगाव, रोहन, कोंडिवते या गावांवर दरडी कोसळल्या आणि दोनशेच्या जवळपास माणसे गाडली गेली. सावित्रीला तेव्हा काही मिळाले नाही. हा पंक्तिप्रपंच मला अजून सलतो. पण अठराएक किलोमीटरच्या मिठीचे पुढे काय झाले? प्राधिकरणाच्या वर मुख्यमंत्री, खाली प्रत्यक्ष काम महापालिका आणि एमएमआरडीए यांच्यात वाटलेले. गाळ दरवर्षी काढला गेला, आणि त्या कंत्राटांतल्या गैरव्यवहाराच्या आरोपांवरून २०२५ साली मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेला गुन्हा नोंदवावा लागला. स्वतःचा माणूस नाही, स्वतःचा पैसा नाही, किती गाळ निघाला हे मोजायची स्वतःची पट्टी नाही, असे प्राधिकरण बैठकीपुरते असते.

उलट बाजूला ओडिशातले चिलिका. समुद्राशी जोडणारे तोंड गाळाने बुजत चालले, सरोवर गोडे आणि उथळ होत गेले, मासळी घटली. १९९१ साली राज्याने चिलिका विकास प्राधिकरण स्थापन केले. त्याने आधी मोजणी केली: पाणी किती, क्षार किती, गाळ कुठून येतो. मग सप्टेंबर २००० मध्ये समुद्राला नवे तोंड खोदून दिले. मासळी लक्षणीय वाढली, आणि संकटातल्या पाणथळींच्या आंतरराष्ट्रीय नोंदीतून चिलिकाचे नाव २००२ साली निघाले. मला यातले तोंड खोदणे दुय्यम वाटते. त्याच संस्थेने वरच्या पाणलोटातल्या गावांबरोबर माती अडवण्याचे काम हाती घेतले, हे मोठे. नेदरलँड्समधली जलमंडळे शतकानुशतके टिकली त्याचेही कारण असेच साधे आहे: मंडळावर माणसे निवडून जातात आणि मंडळ स्वतःचा कर वसूल करते. ज्याचे शेत बुडणार त्याचाच पैसा, त्याचेच मत.

सावित्रीसाठी काय जुळवावे लागेल? पहिली गोष्ट हद्द. महाबळेश्वर सातारा जिल्ह्यात, म्हणजे पुणे विभागात, महाड-पोलादपूर रायगडात, खाडीचा डावा काठ खालच्या अंगाला रत्नागिरीत. तीन जिल्हे, दोन महसूल विभाग. महाबळेश्वरच्या पर्जन्यमापकावर दोनशे मिलिमीटर झाले की महाडच्या बाजारात भोंगा वाजला पाहिजे, आणि त्यासाठी दोन विभागांतल्या अधिकाऱ्यांच्या ओळखीवर विसंबून चालणार नाही. हद्द पाणलोटाची असावी, जिल्ह्यांची नको.

दुसरी गोष्ट अधिकार. प्राधिकरणाने स्वतः पूल, बंधारे, धक्के बांधू नयेत. बांधकाम खाते, रेल्वे, महामार्ग यांची कामे त्यांनीच करावीत. पण नदीच्या पात्रात किंवा पूररेषेत भराव टाकण्यापूर्वी, खांब उभारण्यापूर्वी, गाळ किंवा वाळू काढण्यापूर्वी या प्राधिकरणाची लेखी संमती लागावी, आणि झालेल्या कामाने पाणी तुंबते असे दिसले तर मोऱ्या वाढवण्याचा आदेश देता यावा. रेल्वे केंद्राची, जलमार्ग केंद्राचा; म्हणून साधा शासन निर्णय पुरणार नाही, विधिमंडळाचा कायदा आणि केंद्राशी करार दोन्ही लागतील. हे अवघड आहे. दासगावच्या भरावाचा प्रश्न इतकी वर्षे रेंगाळला तो नेमका या अवघडपणामुळे.

तिसरी गोष्ट मोजणी, आणि माझ्या मते सुरुवात इथूनच व्हावी, कायदा व्हायच्या आधी. पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर पोलादपूर ते बाणकोट पात्राचे ठरावीक जागी छेद घ्यायचे आणि ते ग्रामपंचायतींच्या फलकावर लावायचे. कंत्राटदाराने किती घनमीटर काढले याचा पुरावा ट्रकच्या पावत्यांवरून नव्हे, या छेदांवरून मिळावा. सागरी मंडळाकडे खाडी मोजण्याचे तंत्र आहे, जलसंपदाकडे नदी मोजण्याचे; दोन्ही नकाशे एकाच पातळीवरून मोजलेले असले की महाडखालचे पात्र सलग दिसू लागेल.

पैसा? सावित्रीच्या वाळूचे स्वामित्वधन, बंदराचे शुल्क, कारखान्यांच्या पाणीपट्टीचा काही भाग खोऱ्यातच राहिला तर छोट्या संस्थेचा खर्च निघू शकतो. पंधरावीस अभियंते, भूशास्त्रज्ञ, मत्स्यशास्त्रज्ञ, आणि काठावरची माणसे पगारी निरीक्षक म्हणून. यापेक्षा मोठी संस्था इथे नको.

आणि माणसे कोण? इथे मी आग्रही आहे. मंडळावर दासगाव-टोळ-आंबेत काठचे भोई आणि कोळी हवेत, हातपाटीवाले हवेत, खारबंदिस्तीचे शेतकरी हवेत, महाडचे व्यापारी हवेत. पोलादपूरच्या वरच्या वाड्यांतली माणसे तर हवीतच, कारण गाळाचा उगम तिथे आहे आणि त्याची किंमतही त्यांनीच आधी मोजली आहे. घाटरस्त्यांसाठी डोंगर कापले जातात, कापलेली माती सरळ दरीत ढकलली जाते, ती पऱ्यातून सावित्रीत येते. नाचणी-वरीच्या उतारावर ताली घालणे, पऱ्यांवर दगडी बांध घालणे, रस्त्याच्या कंत्राटात माती टाकण्याची जागा ठरवून देणे, ही कामे खाडीच्या गाळउपशापेक्षा स्वस्त आहेत आणि त्यांचा फायदा दरडीखालच्या वाडीला आधी मिळतो. खालच्या शहराने वरच्या गावाला यासाठी पैसे द्यावेत, ही कल्पना आपल्याकडे नवी वाटते. महाड आणि पोलादपूर यांच्यात ती सुरू होऊ शकते, कारण दोघांनी एकाच दिवशी माणसे गमावली आहेत.

नौकानयनाला या सगळ्यात जागा आहे, लहान पण खरी. महाड ते बाणकोट मालवाहू बार्ज मला दिसत नाही. महाड, दासगाव, टोळ, आंबेत, म्हाप्रळ इथे भरती-ओहोटीत वापरता येतील असे उतार-धक्के, प्रत्येक ठिकाणी यंत्राची एक बोट, ती चालवणारे तिथलेच प्रशिक्षित तरुण, आणि पावसाळ्यापूर्वी दरवर्षी सराव, एवढे झाले तरी जलमार्ग क्रमांक ८९चा महाडला पहिल्यांदा उपयोग होईल. पूल बंद पडला की हेच धक्के फेरीबोटीला कामी येतील, एरवी मच्छीमारांना.

काढलेला गाळ टाकायचा कुठे, हा प्रश्न मी शेवटी ठेवला, कारण प्राधिकरण खरे की नावाचे हे त्यावर कळेल. तो काठावर टाकला तर पुढच्या पावसात परत पात्रात. खाजणात टाकला तर तिवरे मरतात आणि त्यांना संरक्षण देणाऱ्या न्यायालयाच्या आदेशाचा अवमान होतो. भातशेतीच्या खाचरात टाकायचा तर मातीची तपासणी आधी हवी, कारण औद्योगिक वसाहतीच्या खालच्या गाळात काय मुरले आहे हे शेतकऱ्याला सांगितल्याशिवाय तो त्याच्या शेतात ओतणे अन्याय ठरेल. महामार्गाच्या भरावाला तो चालेल का, कुठल्या टप्प्यातला चालेल, वाहतुकीचा खर्च कोणाचा, हे प्रत्येक हंगामाआधी कोणीतरी ठरवून, लिहून, जबाबदारी घेऊन सही केली पाहिजे. आज ती सही तहसीलदार, जलसंपदा, वन विभाग आणि प्रदूषण मंडळ यांच्यामध्ये फिरत राहते आणि तोवर मृग लागतो.